खरं दाखवणारे काटे

लिंबाजी मिस्त्री वायरमधला करंट जिभेनं बघायचे. वायरीची दोन उघडी टोकं जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "येतंय, पर थकून येतंय." सहा व्होल्टची बॅटरी जिभेला मुंगीसारखी लागते आणि बारा व्होल्टची गांधीलमाशीसारखी, असं त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मी परंड्याच्या एका दवाखान्यात नवा नवा कंपौंडर म्हणून लागलो होतो. मी म्हणालो, "मिस्त्री, अशानं जीभ जाईल एक दिवस." त्यावर ते म्हणाले, "गेली तर गेली. लई बोलायचं हाय कुठं?"

एस. टी. स्टँडच्या मागं त्यांचं पत्र्याचं शेड होतं. फौजेत बारा वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करून ते गावी आले होते. अंगानं किडकिडीत, खाकी अर्धी विजार, कानाला पेन्सिल. शेडमध्ये बाबासाहेबांची एक तसबीर आणि तिच्याखाली शाळेच्या वह्यांची चळत. हातातून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या वायरिंगचा नकाशा त्या वह्यांत रंगीत पेन्सिलींनी काढलेला असायचा. एखाद्या वाड्यावर जीप दुरुस्त करायला गेले की तिथं त्यांच्यासाठी कप बाहेर येणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. ते हत्यारांच्या पेटीतून स्वतःचा जर्मलचा पेला काढून ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि कामाला लागायचे. त्याबद्दल कधी एक शब्द नाही. काम झाल्यावर मात्र ते मालकाला गाडीजवळ बोलावून उभं करायचे आणि काय बिघडलं होतं, का बिघडलं होतं, हे शाळामास्तरासारखं समजावून सांगायचे. मालकाला कंटाळा आला तरी सोडायचे नाहीत.

आमच्या डॉक्टरसाहेबांची गाडी हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या घरातून डॉक्टरांनी ती घेतलेली. परदेशी बनावटीची, लांबलचक, जांभळट रंगाची. आत चामड्याच्या गाद्या आणि समोर चकचकीत लाकडाच्या फळीत बसवलेल्या पाच गोल तबकड्या. तालुक्यात तिच्या तोडीची गाडी नव्हती, आणि तिच्याइतका अडलेल्यांच्या कामाला आलेला दुसरा शाही जिन्नसही नसेल. बाळंतिणी, साप चावलेले, यंत्रात हात गेलेले, सगळे तिच्या मागच्या गादीवर आडवे होऊन बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

त्या पाच तबकड्यांतली एकही धड नव्हती. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून बसलेला. डॉक्टर टाकीत वेताची काठी बुडवून पेट्रोल बघायचे. इंजिनाची गरमी दाखवणारा काटा कायम थंडाकडे पडलेला. मिस्त्री दर वेळी म्हणायचे, "साहेब, एकदा ह्ये समदं करून घिऊ." डॉक्टर म्हणायचे, "अहो लिंबाजी, गाडी चालतेय ना? सवडीनं बघू." मिस्त्रीही मग फार ताणून धरायचे नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ सांगितलंय. मी एवढंच सांगतो की दवाखान्यात सुई उकळायला पाणी लागायचं, ते आम्ही गाळून गाळून तीन-तीनदा वापरायचो.

वाड्यावस्त्यांना पाणी पुरवायचं काम आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेनं घेतलं होतं. संस्थेच्या तीन ट्रकवर टाक्या बसवल्या होत्या आणि त्या गाड्यांची देखभाल लिंबाजी मिस्त्रींकडे होती. नोकरी पक्की, महिन्याच्या महिन्याला पगार. मुलगी शाळेत पुढं चालली होती, तिला नर्स करायचं त्यांच्या मनात होतं. रोज संध्याकाळी तालुक्याचा माणूस येऊन ट्रकच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा लिहून न्यायचा. आकडा ठरलेल्या फेऱ्यांशी जुळला की झालं.

पुढं काय घडलं ते मला मिस्त्रींनीच नंतर सांगितलं. संस्थेचे मॅनेजर एक दिवस शेडमध्ये आले. म्हणाले, "गाड्या जुन्या झाल्या, दिवसाला चार फेऱ्या होत नाहीत. आकडा कमी भरला तर वरचे लोक टँकरच बंद करतील. मग वाड्यांना एक घागरसुद्धा मिळायची नाही. तेवढं मीटरचं बघा." मिस्त्रींनी बघितलं. मीटरची केबल गिअरबॉक्सकडून सोडवायची, तिचं टोक हातड्रिलच्या तोंडात धरायचं आणि फिरवत बसायचं. ट्रक जागेवर उभा असायचा आणि आकडा वाडीला जाऊन यायचा. चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, काही ठिकाणी दोनाच्या एक झाली. उरलेलं डिझेल आणि उरलेलं पाणी कुठं जात होतं, ते मिस्त्रींनी विचारलं नाही.

भूमच्या रस्त्यानं आत एक वाडी आहे. तिथं त्यांची धाकटी बहीण सखूबाई दिलेली होती. मे महिन्यात एका दुपारी वाडीतला एक माणूस सायकल मारत दवाखान्यात आला. दोन दिवस टँकर आला नव्हता म्हणून लोक विहिरीच्या तळातलं पाणी वाटीनं खरवडून काढत होते. वजनानं हलकी म्हणून पोरांना दोरानं खाली सोडत. सखूबाईची शेवंता अकरा वर्षांची. ती तळाशी असताना वरून दरडीचा दगड सुटला आणि तिच्या छातीवर बसला.

डॉक्टर उठले. मी सलाइनची बाटली आणि पट्ट्या घेतल्या. स्टँडजवळ गाडी थांबवून मिस्त्रींना घेतलं. ते डॉक्टरांशेजारी बसले. वाडीवर पोचलो तेव्हा पोरगी शुद्धीवर होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मला हळूच म्हणाले, "बार्शीला गेल्याशिवाय इलाज नाही." मागच्या गादीवर सखूबाईच्या मांडीवर तिचं डोकं, मी पायाशी बाटली धरून. ऊन असं होतं की गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. शेवंता मध्येच म्हणाली, "आये, घागर भरली व्हती का गं?" सखूबाई म्हणाली, "भरली, बाळा." भरली नव्हती.

बार्शी सात-आठ मैल राहिली असेल. बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी आचके देत उभी राहिली. इंजिन उकळलं होतं. समोरचा काटा थंडाकडे पडून होता. त्यानं वेळेवर सांगितलं असतं तर मध्ये थांबवत, सावकाश नेता आली असती. डिकीत पाण्याचा डबा असायचा, तो सकाळीच दवाखान्यात रिकामा झाला होता.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं होती. ती जमली. काय झालंय हे कळल्यावर एका म्हातारीनं आपल्या मडक्यातलं पाणी आणून पुढं केलं. दुसऱ्यांनी आणलं. त्यांचं ते दिवसभराचं प्यायचं पाणी होतं. मिस्त्रींनी एका डब्यात ते सगळं गोळा केलं आणि डबा दोन्ही हातांत धरून गाडीसमोर उभे राहिले. ओतेनात. डॉक्टर म्हणाले, "लिंबाजी, ओता की."

"न्हाय साहेब. तापल्या इंजिनात गार पानी घातलं तर ब्लॉक तडकंल. मग गाडी इथंच ऱ्हाईल. जरा थांबाया लागंल."

पाऊण तास गेला असेल. या काळात दुसरी कुठली गाडी त्या रस्त्यानं आली नाही. मिस्त्री मधूनमधून बॉनेटच्या आत हात घालून बघत आणि पुन्हा डबा धरून उभे राहत. मग त्यांनी पाणी ओतलं, झाकण लावलं, गाडी सुरू झाली. मी शेवंताच्या मनगटावर बोटं ठेवून होतो. मला काय कळलं होतं ते मी डॉक्टरांना आरशातून मान हलवून सांगितलं. त्यांनी गाडी वळवली. सखूबाईनं विचारलं, "मागारी का?" मी सलाइनची बाटली खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यात आले. धुतलेला सदरा, हातात वहीचं फाडलेलं पान. म्हणाले, "कंपौंडर, ह्ये वाचा. शुद्ध हाय का बघा." त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की संस्थेच्या तीन ट्रकचे मीटर आपण स्वतःच्या हातानं पुढं फिरवले, किती दिवस फिरवले आणि ते कुणी सांगितलं. खाली सही आणि फौजेतला नंबर.

मी हबकलो. म्हणालो, "मिस्त्री, हे देऊ नका. ते नामानिराळे राहतील. सगळं तुमच्यावर येईल."

"यिऊ द्या. माज्यावरच हाय ते."

"तुम्हाला काय मिळालं त्यातून?"

"काय न्हाय. नोकरी ऱ्हायली."

मग पान माझ्या हातातून घेत म्हणाले, "आदी सखूबाईला सांगून आलो. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळाया नगं."

सखूबाईनं ऐकून घेतलं होतं आणि एकच विचारलं होतं, "आमच्या वाडीच्या किती फेऱ्या बुडाल्या?" मिस्त्री म्हणाले, "दिसाला दोन, कवा तीन." ती उठून आत गेली.

तहसील कचेरीपर्यंत मी सोबत येतो असं मी म्हणालो नाही. दवाखान्यात गर्दी होती हे खरं, पण गर्दी नसती तरी गेलो असतो का, ते मला सांगता येत नाही. त्यांना दोन दिवस बसवून ठेवलं. चौकशी झाली. पगारावरून खुन्नस म्हणून मिस्त्रीनं खोटंनाटं लिहिलं, असं संस्थेनं कळवलं. मॅनेजर जागेवर राहिले. नोकरी गेली ती मिस्त्रींची. एवढं मात्र झालं की पाऊस पडेपर्यंत वाडीला टँकर रोज चार वेळा आला. सखूबाई त्याच्यापुढं घागर लावायची, लोक सांगत.

त्यानंतर मिस्त्री बदलले. हसणं आधीच बेताचं होतं, ते गेलं. शेडमध्ये आलेल्या गाडीचा एखादा काटा बंद असला तर तो चालू केल्याशिवाय गाडी बाहेर सोडायचे नाहीत. ड्रायव्हर घाईत असायचे, शिव्या द्यायचे, दुसरीकडं जायचे. एकदा एका व्यापाऱ्यानं जुनी मोटार विकायला काढली होती. तो मीटरचा आकडा थोडा मागं घेऊन मागत होता. मिस्त्रींनी हातातली पक्कड पेटीत ठेवली, शेडला कुलूप लावलं आणि घरी जेवायला गेले. सकाळचे दहा वाजले होते. व्यापारी तिथंच उभा.

सात-आठ वर्षं अशी गेली. एका सकाळी ते दवाखान्यात आले आणि पायरीवर उभं राहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी माज्याकडं द्या. समदे काटे करतो. वायरिंगबी नवं घालतो."

डॉक्टर आता थकले होते. गाडी फारशी निघत नव्हती, गावात सरकारी जीप आली होती. ते म्हणाले, "लिंबाजी, आता कशाला?"

"मला करायचंय, साहेब."

डॉक्टरांनी किल्ली काढून दिली.

ते काम वर्षभर चाललं. एवढं मन लावून केलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. सहा व्होल्टची सगळी व्यवस्था काढून त्यांनी बारा व्होल्टची केली. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या जागी एका मोडीत निघालेल्या गाडीचा अल्टरनेटर बसवला. तेव्हा इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीसाठी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबी यायला लागली होती, ती त्यांनी पुण्याहून मागवली. सोबतचा इंग्रजी कागद मी वाचून दाखवायचो आणि ते वहीत नकाशा काढायचे. ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे कळावं म्हणून पन्नाशी उलटलेला हा माणूस दर रविवारी एस. टी.नं बार्शीला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन बसायचा.

गरमीच्या काट्यासाठी त्यांनी माझ्याकडून दवाखान्यातला थर्मामीटर नेला, तापाचा नव्हे, पाणी उकळताना वापरायचा लांब. स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात गाडीचा सेन्सर, शेजारी थर्मामीटर. पाणी तापत जाईल तशी ते तबकडीवर पेन्सिलीनं खूण करायचे. पाणी गार करून पुन्हा. असं दहा-बारा वेळा. उकळीच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी तांबडा पट्टा रंगवला. मी म्हणालो, "एवढ्या अलीकडे कशाला?" ते म्हणाले, "थांबून पानी हुडकायला येळ लागतो." काटा त्या पट्ट्यात शिरला की रातकिड्यासारखा आवाज करणारी एक डबीही त्यांनी घरीच जोडली होती. पेट्रोलच्या टाकीत एकेक लिटर ओतून तो काटा जुळवला. पाचही तबकड्यांवर मराठी आकडे काढले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "शेजारी बसल्याल्या मानसालाबी वाचता आलं पायजे."

काम पुरं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चला, कुठं फिरवून आणायची?" मिस्त्री घोटाळले. मग म्हणाले, "वाडीवर नेतो. तुमी दोघंबी चला."

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. वाडीच्या विहिरीला काठापासून पाच-सहा हातांवर पाणी होतं. गाडीचा आवाज ऐकून पोरं धावली. सखूबाई दारात आली. केस पांढरे झाले होते. मिस्त्री गाडीतून उतरले आणि दार उघडं धरून उभे राहिले. ती जवळ आली, पण समोरच्या तबकड्यांकडे गेली नाही. मागचं दार उघडून तिनं गादीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

मग भावाकडे न बघता म्हणाली, "तवा ह्ये काटे असते तर?"

मिस्त्री म्हणाले, "काट्यानं काय व्हनार हुतं, बाई. पोरगी हिरीत उतरायलाच नगं हुती. पानी म्या खाल्लं तुमचं."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी एवढंच बोलली. ती घरात गेली, मला वाटलं आता येत नाही. पण थोड्या वेळानं ती दोन पेले पाणी घेऊन आली. एक डॉक्टरांना दिला, एक मला. मग पुन्हा आत जाऊन भरलेला तांब्या आणला आणि ओट्याच्या कडेला ठेवून दिला. कुणासाठी ते म्हणाली नाही. ती परत आली नाही. मिस्त्री त्या तांब्याकडे बघत उभे होते. मी म्हणालो, "मिस्त्री, घ्या की." ते म्हणाले, "मला म्हनली न्हाय ती." आम्ही निघालो तेव्हा तांब्या तसाच होता.

दोन वर्षांनी डॉक्टर गेले. त्यांची मुलं पुण्याला, त्यांना गाडीचं काय करायचं होतं? मुंबईहून एक शौकीन गृहस्थ आला. जुन्या गाड्या जमवायचा त्याला नाद होता. इंजिन ऐकून तो खूश झाला, पण तबकड्या बघून त्याचं तोंड उतरलं. "हे मराठी आकडे कुणी काढले? मूळचं सगळं घालवलं." मिस्त्री बाजूला उभे होते. ते शेडमध्ये गेले आणि कापडात गुंडाळलेल्या पाच जुन्या तबकड्या घेऊन आले. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.

"ह्या मूळच्या. दिसायला चांगल्या हायत. पर खोटं दावत्यात, तेवढं ध्यानात ठिवा."

गृहस्थ हसला. त्याला ते बोलणं गमतीचं वाटलं असावं. तो त्या तबकड्या आणि गाडी घेऊन गेला.

त्यानंतर मिस्त्रींनी शेड फार दिवस चालवलं नाही. मुलगी नर्स झाली होती, औरंगाबादला नोकरीला होती. ती बोलवत होती. जायच्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेलो. एक लोखंडी ट्रंक, एक पिशवी. हत्यारांची पेटी त्यांनी स्टँडवरच्या एका पंक्चरवाल्याला देऊन टाकली होती.

कुर्डुवाडीची गाडी लागली; तिथून पुढं रेल्वे. मी ट्रंक आत ठेवली, ते पुढच्या बाकावर बसले. मी खिडकीशी उभा. जाताना वाडीवर जाऊन आलात का, असं विचारावं असं मनात होतं, पण विचारलं नाही. ड्रायव्हर चढला. मिस्त्री उठून त्याच्या मागं गेले आणि त्याच्या खांद्यावरून समोर बघायला लागले. मला बाहेर ऐकू आलं. ते विचारत होते, "ह्यातला चालू कंचा हाय?"

ड्रायव्हर हसत म्हणाला, "बाबा, एकबी न्हाय. आवाजावर चालतीय. बसा खाली."

मिस्त्री मागं वळले. मग त्यांनी बाकाखालची ट्रंक ओढली आणि खाली उतरले. मी म्हणालो, "काय झालं?"

"ही जाऊ द्या. दुसरीनं जातो."

"अहो मिस्त्री, दुसरीचेही बंदच असणार."

"बघू की."

गाडी त्यांना सोडून गेली. ते ट्रंकेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते आणि मला उशीर चालणार नव्हता. ते म्हणाले, "जावा तुमी, कंपौंडर. पेशंट खोळंबले असतील." मी निघालो. स्टँडच्या फाटकातून वळताना मागं बघितलं. भूमकडची, वाडीच्या रस्त्याची एक गाडी नुकतीच येऊन लागली होती आणि उतरणाऱ्या माणसांच्या गर्दीतून ते मान उंच करून ड्रायव्हरच्या खिडकीकडे बघत होते. त्या दिवशी त्यांना कितवी गाडी मिळाली आणि ते कुठं गेले, ते मला कळलं नाही.